हार कुणाला घातलाय?

सांगली,
रविवार रात्र

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझा फोन आला तोही ‘नंतर करते’ म्हणून ठेवला. रागावली असशील तर रागाव, हक्क आहे तुझा. गुडघा तसाच, साखर आटोक्यात. आता जे लिहायला बसलेय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

दादाच्या नव्या घरात देवघराशेजारी पणजीचा मोठा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. वास्तुशांतीला तू वाकून नमस्कार केलास तोच. सुमे, ती पणजी नाही गं.

आणि चूक माझी आहे. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आपल्या वाड्यात पाणी आलं, तेव्हा फोटोंची ट्रंक बुडाली. चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत, स्वच्छ गार पाण्यात ठेवून सुटू द्यायचे, हे कुणीतरी वेळेवर सांगितलं म्हणून अर्धे तरी वाचले. गच्चीवर जुन्या चादरीवर तोंड वर करून वाळत घातले होते. आई खुर्चीत बसून नावं सांगत होती आणि मी मागे लिहीत होते, तेही बॉलपेनने. छोट्या बाबांना कडेवर घेतलेली बाई आली तेव्हा आई म्हणाली, ‘ह्यांची आजी असेल.’ मी त्यातलं ‘असेल’ गाळलं. आईचं लग्न होऊन ती वाड्यात आली १९५० मध्ये. तिने तरी पणजीला कुठे पाहिलं होतं? आता विचारायला आईही नाही.

दादाने माझ्या अक्षरावर विसंबून तेवढा चेहरा मोठा करून घेतला. गेल्या आठवड्यात मूळ फोटो हातात आला. घाटावर सगळी मंडळी बसलीत, ती बाई टोकाला उभी, आणि मागे कडेला आयर्विन पुलाची कमान! पूल १९२९ चा. पणजी गेली १९१८ च्या मानमोडीच्या साथीत, हे तर आपण किती वेळा ऐकलंय. मी भिंग घेऊन बसले ते रात्री दोनपर्यंत.

तिची साडी काळी दिसते, म्हणून मी इतके दिवस चंद्रकळा समजत होते. पण त्या काळच्या बऱ्याच फिल्मना तांबडा रंग टिपताच येत नसे, तो काळा उमटायचा. शेजारी आजी बसलीय, मांडीवर तान्ही आत्या. आजीचं कुंकूसुद्धा काळंच दिसतंय. हिचं कपाळ मात्र कोरं. हातात बांगडी नाही. पदर कानावरून घट्ट ओढलेला, केसाची एक बट दिसत नाही. ते विधवेचं तांबडं आलवण असणार, सुमे.

कळलं ना मी कुणाबद्दल म्हणतेय?

मला आक्का आठवतात त्या वाकलेल्या, बोळक्या तोंडाच्या, परसातल्या खोलीत वाती वळत बसलेल्या. पंचविशीतला तो चेहरा मी कशी ओळखणार? तू त्यांच्या कुशीत झोपायचीस. ‘तुझ्या बापाला मी खेळवलाय’ असं त्या मला म्हणाल्या की तू लगेच, ‘म्हणजे तुझे बाबा आमचे!’ केवढी भांडायचो त्यावरून. (मॅट्रिकच्या फोटोतून तू मला कात्रीने कापून काढलंस ते भांडण वेगळं. त्या भोकात मी होते, हे तुझ्या नातीला सांगून ठेव.)

आणि तो कोयनेचा भूकंप आठव. ११ डिसेंबर १९६७, पहाट. वाडा हलला तसे बाबा उठले आणि आधी परसाकडे धावले. आक्कांना दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणलं, मग आजीला हाका मारल्या. आजी ते पुढे किती महिने बोलून दाखवत होती! मला वाटायचं, आक्कांची खोली पडकी, म्हणून आधी तिकडे गेले असतील.

दादाला सांगितलं तर म्हणतो, ‘बाई कुणी का असेना, हार तर आहे ना?’ मला नाही चालत ते. पणजीचा फोटो आमच्याकडे नाहीच, तर नाही म्हणावं. आणि त्या आक्का असतील तर दुसऱ्याच्या नावाने का टांगायचं त्यांना? जन्मभर त्यांना सगळे ‘मागच्या खोलीतल्या’ म्हणत आले. तुमच्याकडे त्यांचं पान तरी वाढतात का गं? फोटो उतरवायला मी सांगणार नाही, पण खाली नाव त्यांचं लागलं पाहिजे.

मात्र पुन्हा घाईने नाव लिहायची भीती वाटते. सोवळ्या बायका तेव्हा किती घरांत होत्या. म्हणून तुला विचारते. फोटोत बाबांच्या पाठीवर तिचा उजवा हात आहे आणि करंगळी आत वळलेली दिसते. आक्कांची करंगळी भाजून वाकडी झाली होती, ती उजवीच ना? तू ती धरून झोपायचीस, तुला आठवेल. आठवलं नाही तर तसं कळव, माझ्या समाधानासाठी ‘हो’ म्हणू नकोस.

धाकट्याचं कुठे जमलं का? सूनबाईची बदली साताऱ्यातच झाली हे ऐकून बरं वाटलं. पहाटे एकटीने अजिंक्यताऱ्यावर चढणं आता बंद कर.

तुझी,
कुमी

ता. क. गुरुवारी भाचा साताऱ्याला येतोय, त्याच्याबरोबर मूळ फोटो पाठवते, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून. कडेने धर, मधे बोट लावू नकोस. पुराने तिथला थर आधीच सैल झालाय. आणि त्याच्याबरोबर कंदी पेढे पाठवू नकोस, साखर आत्ताच कुठे खाली आलीय.