केळी-सुताचं कापड रंगवायला कोकणात एक रंगशाळा द्या

माननीय वस्त्रोद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

घड उतरवला की केळीचं ते झाड संपलं. खांब तोडायचा आणि बागेतच कुजवायचा, ही आपल्या कोकणातली रीत. आता त्याच खांबाच्या सोपांतून, म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या थरांतून, धागा काढतात, सुताबरोबर विणतात आणि ते कापड रंगवायला आमच्या बचत गटाकडे येतं.

कापूस आणि केळी दोन्ही वनस्पतीच, पण रंग सारखा पीत नाहीत. केळीच्या धाग्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) आणि पेक्टिन (पेशी चिकटवून ठेवणारं द्रव्य) जास्त. धुण्याच्या सोड्यात नीट उकळून ते काढलं नाही, तर एकाच हंड्यात सूत गडद होतं आणि केळी फिकी राहते. उकळी जास्त झाली की धागा कमजोर. एका विक्री केंद्राने आमचा अख्खा गठ्ठा 'रंग एकसारखा नाही' म्हणून परत पाठवला. मिश्र धाग्याची छटा कशी तपासायची, याचा नियम मात्र त्यांच्याकडेही नव्हता.

हिरडा आणि तुरटीवर आमचा भरवसा आहे. सूत नुसती तुरटी धरून ठेवत नाही; हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आधी चढलं की तुरटी टिकते, आणि तिच्यावर रंग. पण जांभ्यातल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं. हिरड्यातून काढलेलं कापड त्या पाण्यात बुडालं की डोळ्यांदेखत करडं पडतं. मग त्यावर पिवळा कसा खुलणार? त्यात पावसाचे चार महिने पाणी भरपूर, पण कापड वाळवायला ऊन नाही. वैशाखात ऊन रखरखीत आणि विहीर तळाला.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचं, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या कारखानी रंगांचं, दुखणं याहून मोठं. गडद छटेला रंगाच्या पाण्यात लिटरमागे 50 ते 80 ग्रॅम मीठ लागतं. रंगाचा बराच भाग कापडावर न बसता धुण्यात जातो. रंग एक वेळ वेगळा काढता येईल, पण विरघळलेलं मीठ साध्या गाळणीने निघत नाही. हे पाणी व्हाळात (ओढ्यात) सोडलं तर खाली भाताचे मळे आहेत, आणि खारं पाणी शिरलेल्या शेताचं काय होतं ते खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून गडद निळ्या-लालाची कामं आम्ही घेणंच थांबवलं आहे. पैसा त्याच कामांत होता.

साहेब, अनुदानाची शिलाई यंत्रं आम्हाला नकोत. सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत एक सामायिक रंगशाळा द्या: उकळायच्या टाक्या, लोह काढलेलं पाणी, वाळवायला छप्पर, धुतल्यावर आणि उन्हात रंग किती टिकतो ते तपासायची सोय आणि मिठाच्या पाण्याचा पक्का बंदोबस्त. तो बंदोबस्त होणार नसेल, तर बाकीचं बांधूच नका. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था 1924 पासून धाग्यांवर काम करते, दापोलीचं कृषी विद्यापीठ तर आपल्या दारातच आहे. या दोघांना एकत्र बसवून केळी-सुताच्या छटेचा नियम ठरवून घ्या आणि तो सरकारी खरेदीला लागू करा. नमुन्याचं कापड आम्ही देऊ, उकळलेलं आणि न उकळलेलं, दोन्ही.

आपली,
बचत गटातली एक रंगकामगार,
कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग