गिरणीचा सिनेमा

रॉचडेल (इंग्लंड), रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेले की तुम्ही अर्ध्यातच आईकडे फोन देता, म्हणून लिहितेय.

काल शेजारच्या आजीबाईंकडे १९३४ चा एक सिनेमा पाहिला, ‘सिंग ॲज वी गो’. बोलपटांचा जमाना तेव्हा नुकता सुरू झालेला. नायिका ग्रेसी फील्ड्स याच रॉचडेलची. तळलेल्या मासे-बटाट्यांच्या दुकानावरच्या खोल्यांत जन्मली, लहानपणी गिरणीतही राबली. टाउन हॉलसमोर तिचा पुतळा आहे. बाजारात जाता-येता दिसतो, पण ही बाई कोण, हे मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

सिनेमात गिरणी बंद पडते, तर ही बया सायकलवर टांग मारून थेट ब्लॅकपूलच्या समुद्रावर! तिथे लॉजमध्ये वाढपीण, मग जादूच्या खेळात गायब होणारी बाई... एक काम सुटलं की दुसरं. हसून पोट दुखलं. तिथल्या प्रसंगांचं शूटिंगही ब्लॅकपूललाच केलेलं. इथे गावच्या सगळ्या गिरण्या उन्हाळ्यात आठवडाभर एकदम बंद व्हायच्या आणि गाव तिकडे लोटायचं. शिमग्याला आपली अर्धी चाळ कोकणात जायची, तसंच.

आजीबाईंची आई गिरणीत कापड विणायचे साचे चालवायची. खडखडाटात काही ऐकू येत नसे, म्हणून बायका आवाज न काढता ओठ मोठमोठे हलवून बोलायच्या. ती सवय घरीही सुटली नाही. आजीबाईंनी करून दाखवलं, भिंतीपलीकडच्या बाईची चुगली, एक शब्द न उच्चारता! म्हटलं, आमचे बाबा याच्या उलट. घरातही साचेखात्यात असल्यासारखे ओरडतात.

शेवटी कृत्रिम रेशमाची काहीतरी नवी युक्ती निघते, गिरणी सुरू होते आणि सगळे कामगार गात गात आत जातात. कथा प्रीस्टली नावाच्या नामवंत लेखकाची, पण शेवट किती सोपा करून टाकलाय! मला आपल्या मुंबईच्या गिरण्यांचा ८२ चा संप आठवला. नंतर कितीतरी दिवस तुम्ही सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायचात. आजीबाईंना म्हटलं, आमच्याकडे असं झालं नाही. त्या म्हणाल्या, “इथे तरी कुठे झालं?”

तुमच्या पहिल्या पाळीचा भोंगा किती वाजता व्हायचा? त्या विचारत होत्या आणि मला नक्की आठवेना. आईला विचारू नका, ती भलतंच सांगेल.

तुमची,
बेबी