बेट चालते कशावर? – सेंट हेलेनाहून आई-बाबांना पत्र

जेम्सटाउन, सेंट हेलेना
19 जून 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "साडेचार हजार माणसांचे हे बेट चालते तरी कशावर?" आणि मी "इंग्लंडच्या पैशावर" एवढे बोलून मोकळी झाले. ते उत्तर खोटे नव्हते, पण ज्यांनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला त्यांना देण्याजोगेही नव्हते. येथे सरकारी हिशेबाच्या वह्या तपासायला मला वर्ष झाले, तरी या प्रश्नाचे उत्तर मला वह्यांपेक्षा रस्त्यावर, दुकानात आणि शेजारच्या आजींच्या ओसरीवरच अधिक सापडले आहे. मोबाइलवर लांब मजकूर वाचताना तुमच्या डोळ्यांना त्रास होतो, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. कागदावर लिहिण्याला आणखी एक कारण आहे, पण ते ओघात येईल.

तुमच्या भिंतीवरच्या नकाशात आफ्रिकेच्या पश्चिमेला, दक्षिण अटलांटिकच्या निळ्या रंगात, सोळा अंश दक्षिण अक्षांश आणि पावणेसहा अंश पश्चिम रेखांश जेथे भेटतात तेथे पेन्सिलीने एक ठिपका काढा. अंगोलाचा किनारा तेथून सुमारे 1,900 किलोमीटरवर आहे आणि सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे असेन्शन नावाचे दुसरे बेट, तेही जवळजवळ 1,300 किलोमीटर दूर. सोळा किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद असा हा समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचा माथा आहे, आणि तो ज्वालामुखी सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वी थंड झाला. पहिल्या दिवशी विमानातून उतरताना कड्यांमधले काळ्या खडकाचे एकावर एक थर पाहून मला अजिंठ्याचा घाट आठवला. बेसॉल्टच तो, फक्त आपल्याकडच्याहून वयाने फार लहान. किनाऱ्यालगतचा पट्टा उन्हाळ्यातल्या मराठवाड्यासारखा उघडाबोडका आहे. मात्र वीस मिनिटे गाडीने वर चढले की हिरवी कुरणे लागतात आणि सुमारे 820 मीटर उंचीच्या डायनाज पीकवर ढगांत भिजलेले, वृक्षाएवढ्या नेच्यांचे जंगल उभे असते. राजधानी जेम्सटाउन दोन कड्यांच्या बेचक्यात चिमटीत धरल्यासारखी वसली आहे. तेथून वरच्या किल्ल्यावर जाणारा 699 पायऱ्यांचा सरळ जिना मी एकदाच चढले आणि दुसऱ्या दिवशी रजा घेतली.

या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नाहीतच. 1502 मध्ये भारतातून परतणाऱ्या पोर्तुगीज जहाजांना हे निर्मनुष्य बेट दिसले. येथे पहिला कायमचा राहिलेला माणूस मात्र आपल्या गोव्याहून आला होता, हे मला येथे आल्यावरच कळले. फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई गोव्याच्या लढाईत आदिलशाहीच्या बाजूला गेला, हाती सापडल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने त्याचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला, आणि पुढे मायदेशी परत जाताना हा मनुष्य वाटेत येथेच उतरून राहिला. माणसांना तोंड दाखवण्यापेक्षा त्याला ओसाड बेट बरे वाटले असावे. त्याने येथे झाडे लावली, जनावरे पाळली आणि तीसएक वर्षे काढली. त्याच्यामागून 1659 मध्ये इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी आली. कंपनीचे शिपाई, मळेवाले, आफ्रिका, मादागास्कर आणि भारतातूनही आणलेले गुलाम, नंतर चिनी मजूर, या सर्वांच्या मिश्रणातून आजचे लोक तयार झाले. ते स्वतःला 'सेंट' म्हणवतात. चेहऱ्यावरून कोण कोठला हे सांगता येत नाही, आणि बाजारात मला अनेकदा ओळखीचे, अगदी जालन्यातले वाटावेत असे चेहरे दिसतात. 2021 च्या जनगणनेत ही सगळी मिळून 4,439 माणसे भरली. आपल्या भोकरदनच्या आठवडी बाजारातही याहून अधिक गर्दी होत असेल.

आता कशावर चालते ते सांगते. सुरुवातीपासून हे बेट वाटसरूंवर चालत आले. हिंदुस्थानातून आणि चीनमधून युरोपकडे परतणाऱ्या शिडाच्या जहाजांचा वाऱ्याचा मार्ग येथूनच जाई. महिनोन्‌महिने समुद्रात राहिलेल्या खलाशांना गोडे पाणी, ताजा भाजीपाला आणि मांस हवे असे, आणि ते विकणे हाच बेटाचा धंदा होता. बाबा, तुम्ही नववीच्या मुलांना सहलीला असईला नेत असा. तेथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली 1805 मध्ये मायदेशी जाताना येथे थांबला होता, आणि 'द ब्रायर्स' नावाच्या ज्या घराच्या आवारात त्याचा मुक्काम होता तेथेच दहा वर्षांनी त्याने वॉटर्लूला हरवलेल्या नेपोलियनने बंदिवासाचे पहिले दोन महिने काढले. आपल्या गावापासून वीस-पंचवीस कोसांच्या आतल्या रणांगणाचा धागा अटलांटिकमधल्या या दरीत येऊन पोहोचतो, हे वाचल्यावर त्या दिवशी माझे कामात लक्ष लागले नाही.

1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, त्याच सुमारास वाफेची जहाजे आली आणि वाटसरूंनी वाटच बदलली. 1855 साली येथे सुमारे अकराशे जहाजे थांबली होती, 1889 साली 288. आपल्याकडे नवा बाह्यवळण रस्ता झाला की जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांची जी दशा होते तीच अख्ख्या बेटाची झाली. अधूनमधून कैद्यांनीही बेटाला हात दिला, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण हिशेब तसाच आहे. कालव्याच्या कितीतरी आधी नेपोलियनबरोबर मोठी शिबंदी आली होती आणि तिच्या खर्चावर दुकाने चालली. कालव्यानंतर, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, 1900 पासून, सुमारे सहा हजार युद्धकैदी येथे ठेवले गेले, तेव्हा बेटाची लोकसंख्या आजच्या दुपटीहून अधिक झाली होती. कैदी परत गेले आणि बाजार पुन्हा ओस पडला.

यानंतरची हकीकत मला सर्वांत अधिक चटका लावते. न्यूझीलंडमधून आणलेली, घायपातासारखी लांब पात्यांची एक वनस्पती येथे डोंगरउतारांवर लावली गेली, गिरण्या उभ्या राहिल्या आणि तिच्या पात्यांपासून दोर, सुतळी आणि गोण्यांसाठीचा धागा निघू लागला. 1907 पासून सुमारे साठ वर्षे बेटाची एकच खरी निर्यात होती ती ही. मोठे गिऱ्हाईक कोण, तर ब्रिटनचे टपाल खाते. पत्रांचे गठ्ठे बांधायला लागणारी सुतळी या डोंगरांवरून जात असे. 1960 च्या दशकात त्या खात्याने कृत्रिम धाग्याची सुतळी घ्यायचे ठरवले. दूरच्या एका कचेरीत झालेला हा खरेदीचा साधा निर्णय, परंतु 1966 पर्यंत येथील शेवटची गिरणी बंद झाली. अजून उतारावर ती पाती माणसाच्या उंचीएवढी माजलेली दिसतात. कोणी कापत नाही, आणि मूळच्या झाडांची जागा त्यांनी बळकावल्यामुळे आता ती उपटायलाच पैसे खर्च होतात. कागदावर लिहिण्याचे दुसरे कारण हेच. हे बेट एके काळी दुसऱ्यांची पत्रे बांधून जगले, तेव्हा येथून निदान एक तरी पत्र जावे.

आज सरकारच्या जमाखर्चात निम्म्याहून अधिक जमा ब्रिटनच्या मदतीची असते. नोकरी देणारे सर्वांत मोठे घर सरकारच. चलन सेंट हेलेनाचा पौंड, ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा, आणि बँक एकच. बारा लोकनियुक्त सभासदांची विधिपरिषद आहे, 2021 पासून मुख्यमंत्रीही आहे, वर लंडनने नेमलेला गव्हर्नर. ट्यूना मासा गळाने एकेक करून पकडतात, थोडी कॉफी पिकते. 1733 मध्ये येमेनहून आणलेल्या बियांपासूनची ती कॉफी फार महाग असते, मी वर्षात दोनदाच प्यायले. पर्यटक नेपोलियनचे घर आणि जोनाथन नावाचे कासव पाहायला येतात. 1832 च्या सुमारास जन्मलेले हे कासव गव्हर्नरांच्या बंगल्यासमोर चरते. त्याला आता दिसत नाही, पण भूक उत्तम आहे.

विमानतळाबद्दल तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेले आठवत असेल. ड्राय गट नावाची अख्खी दरी सुमारे ऐंशी लाख घनमीटर खडक-मातीने भरून, 28 कोटी 50 लाख पौंड खर्चून तो बांधला. 2016 मध्ये उद्‌घाटन ठरले, तर लक्षात आले की धावपट्टीच्या टोकाशी कड्यावरून येणारा वारा एकाएकी दिशा आणि जोर बदलतो आणि मोठी विमाने तेथे सुरक्षित उतरू शकत नाहीत. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याला जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ ठरवले. हिशेबनीस म्हणून मी भागाकार करून पाहिला: माणशी सुमारे त्रेसष्ट हजार पौंड. तरीही माझे मत त्या वर्तमानपत्रांच्या बाजूचे नाही. शंभराच्या आत उतारू नेणारे लहान विमान ऑक्टोबर 2017 पासून जोहान्सबर्गहून येते. त्याआधी केपटाउनहून येणाऱ्या डाकेच्या जहाजाला पाच दिवस लागत, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला ते पाच दिवस कोठून मिळणार? आता तो रुग्ण विमानाने दक्षिण आफ्रिकेला जातो. हा लाभ कोणत्या रकान्यात लिहायचा, याला आमच्या वह्यांत जागा नाही. याच कामासाठी रस्ता खोदताना रुपर्ट्सच्या दरीत 325 माणसांचे सांगाडे निघाले, तेही सांगायला हवे. गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून ब्रिटिश आरमाराने 1840 नंतर सोडवून येथे आणलेल्या पंचवीस हजारांहून अधिक आफ्रिकी लोकांपैकी जे किनाऱ्याला लागूनही जगले नाहीत, त्यांचे ते होते. 2022 मध्ये त्यांचे पुन्हा दफन झाले. मी त्या जागी दोनदा जाऊन आले.

इतके लिहूनही खरे उत्तर राहिलेच आहे. बेटाची आजची निर्यात म्हणजे येथील माणसे. तरुण सेंट असेन्शन आणि फॉकलंड या बेटांवरच्या लष्करी तळांवर कामाला जातात आणि पैसे घरी पाठवतात. 1981 च्या कायद्याने त्यांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गेला होता, तो 2002 मध्ये परत मिळाला आणि त्यानंतर इतके लोक इंग्लंडला गेले की स्विंडन या गावाला हे लोक थट्टेने 'स्विंडोलेना' म्हणतात. मागे उरतात वृद्ध, आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. रुग्णसेवा आणि वृद्धांची काळजी यांवरचा खर्च दर वर्षी वाढतो, कर देणारे हात कमी होतात, आणि मग माझ्यासारखी माणसे बाहेरून कराराने आणावी लागतात, तीही येथील पगारापेक्षा जास्त पगारावर. या गोष्टीचा येथील लोकांना राग येतो आणि तो मला रास्त वाटतो. माझ्या शेजारच्या आजी त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचा एक मुलगा फॉकलंडला, मुलगी स्विंडनला. ऑक्टोबर 2023 मध्ये समुद्राखालची नवी तार सुरू झाली, तोवर सगळे बेट एका उपग्रहाच्या तोकड्या जोडणीवर होते आणि आजींना मुलीचा चेहरा अडखळत दिसे. आता स्पष्ट दिसतो. "स्पष्ट दिसतो म्हणून ती म्हातारी झालेलीही दिसते," असे त्या मला म्हणाल्या, आणि तुम्हां दोघांचा रविवारचा फोन ठेवल्यावर मला त्यांचे हे बोलणे बराच वेळ आठवत राहिले.

आई, तू जेवणाचे विचारतेस. येथे भात, मासा किंवा मांस, भाज्या आणि मसाला एकाच पातेल्यात शिजवून 'प्लो' करतात. तो आपल्या पुलावाचाच लांबचा भाऊ आहे, आणि आजींनी केलेला असला तर मी दोनदा वाढून घेते. बाकी सारे मालवाहू जहाजावर अवलंबून. मागच्या महिन्यात ते लांबले तेव्हा आधी कांदा संपला, मग बटाटा, आणि दहा दिवस मी बिनकांद्याचे पोहे खाल्ले. जहाज लागले त्या दिवशी दुकानापुढे रांग होती आणि तिच्यात आमचे वरिष्ठही पिशवी घेऊन उभे होते.

पार्सल पाठवशील तेव्हा गोडा मसाला आणि मेतकूट पाठव. दोन्ही नीट भाजलेले आणि बारीक दळलेले असू दे. मेथीचे दाणे, कोणतेही बियाणे आणि मध मात्र घालू नकोस. येथील मधमाश्यांना बाहेरचे रोग अजून लागलेले नाहीत आणि जंगलातली काही झाडे जगात केवळ येथेच उरली आहेत, त्यामुळे टपालातली प्रत्येक पिशवी उघडून पाहतात. बाबांच्या डोळ्यांची तपासणी या महिन्यात व्हायची होती, ती झाली का ते कळवा. हे पत्र शनिवारच्या विमानाने निघेल. वाटेत किती दिवस थांबेल ते सांगता येत नाही, तेव्हा पोहोचले की फोनवर सांगा.

तुमची,
सुमती