दोन गंधार

मिरजेच्या काकांना,
सा. न. वि. वि.

काका, पेटी सुरात लागली! काल रात्री भूप रागाचा गंधार तंबोऱ्यात असा मिसळला की, पट्टीवरचं बोट उचललं तरी तो ऐकूच येत राहिला.

देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतिपेटीच्या, म्हणजे बारीक श्रुतीही वाजवणाऱ्या हार्मोनियमच्या, धर्तीवर पेटी करायची, म्हणून मी आठ महिने खपत होते. कृष्णाजी बल्लाळ देवलांचं १९१० चं आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांचं १९१३ चं, अशी दोन्ही पुस्तकं वाचली होती. ती पेटी लंडनच्या मूरने बांधली आणि १९१६ साली बडोद्याच्या परिषदेत ती मांडली गेली, हेही ठाऊक होतं. सप्तकात बारापेक्षा जास्त सूर बसवण्याचा हा खटाटोप आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसांचा, म्हणून तो मला घरचाच वाटतो. पण वाचून पेटी लागत नाही.

षड्जावरून पंचम, पंचमावरून रिषभ, मग धैवत आणि त्यावरून गंधार, असं मी लावत गेले. जोड्या सगळ्या स्वच्छ, तरी तंबोऱ्याशी गंधार लहरत होता. तुम्ही पेटीला हातही लावला नाहीत. खर्जाची तार छेडलीत आणि म्हणालात, "तार स्वतःच गंधार सांगतेय, तो घे." तारेतला गंधार षड्जाशी ५:४ चा, माझा ८१:६४ चा, किंचित चढा. मधे एक प्रमाणश्रुती, म्हणजे ८१:८० एवढंसं अंतर. हा आकडा मी वहीत शंभरदा लिहिला असेल; कानाला तो त्या दुपारी पहिल्यांदा कळला.

मग सुराच्या पितळी जिभेखाली पातळ पत्रा सरकवून, बुडाशी दोनच हात कानस फिरवून सूर उतरवायला शिकवलंत. टोकाशी घासलं की चढतो, हेही दाखवलंत. आणि घासून तापलेल्या पितळेवर विश्वास ठेवायचा नाही, रात्रभर गार होऊ द्यायचं. मी घाईत किती सूर वाया घालवले होते, ते तुम्ही पाहिलंच होतं. एका शब्दाने बोलला नाहीत.

चढा गंधार मी काढून टाकणार होते. "तो खोटा नाही, त्याचा धैवत त्याच्याजवळ ठेव," म्हणालात. म्हणून आता पेटीत दोन्ही गंधार आहेत, शेजारीशेजारी.

इतके दिवस शिकवलंत आणि पैशांचा विषय काढला की तंबोऱ्याची जवारी बघत बसायचात. येत्या गुरुवारी पेटी घेऊन येते. षड्ज तुमच्या तंबोऱ्याचाच ठेवलाय.

तुमची,
सांगलीची पेटीवाली