तपकिरीच्या पैशातली शाळा

राणू बाळा,

काल फोनवर तू विचारलंस की बाबा स्नफ म्हणजे नेमकं काय, शाळेत टीचर म्हणाले की आपली शाळा स्नफ विकणाऱ्या माणसाच्या पैशातून उभी राहिली, आणि मी काही सांगायच्या आत इकडची लाईट गेली न् नेटवर्कही गेलं. म्हणून आता आजीच्या कॉटशेजारी बसून मोबाईलवर सगळं टाईप करतोय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो माहितीये, अडलं की आईकडून वाचून घे, पण सगळं वाच.

तुझा एस वनचा, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षाचा, पहिला दिवस होता, तू तिकडे एडिनबरात आणि मी इथे निपाणीत. आजीचं ऑपरेशन पुढे ढकलता येत नव्हतं ग. आईने पाठवलेला फोटो मी दिवसभर बघत होतो, मागे ते जुनं दगडी घर आणि पुढे तू, बॅग तुझ्यापेक्षा मोठी.

तर स्नफ म्हणजे तपकीर. आजीच्या उशाशी ती छोटी पितळी डबी असते ना, मागच्या वेळी तू उघडून नाकाला लावलीस आणि शिंकून शिंकून डोळ्यातनं पाणी आलं, तीच ती. तंबाखू वाळवून दळून अगदी पिठासारखी बारीक करायची आणि चिमटीत घेऊन नाकात ओढायची. आजीच्या पदराचं एक टोक कायम तांबूस असायचं त्यामुळे, कितीही धुतलं तरी. तुझ्या शाळेला ज्याचं नाव आहे तो जेम्स गिलेस्पी हेच विकायचा. एडिनबराच्या हाय स्ट्रीटवर त्याचं आणि त्याच्या भावाचं दुकान होतं, भाऊ दुकान बघायचा आणि हा कॉलिंटनला वॉटर ऑफ लीथ नदीच्या काठी राहून पाणचक्कीवर तंबाखू दळायचा. आपण गेलोय तिथे! स्पायलॉ पार्क, जिथे तू नदीत बूट पाडलास. तिथलं ते मोठं घर त्याचंच, स्पायलॉ हाऊस. तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं, आपण त्याच्या दारात बसून चटणी-पोळी खाऊन आलो.

लग्न केलं नाही त्याने, मूलबाळ नाही. राहणी एकदम साधी, कामगारांबरोबर एका टेबलावर जेवायचा म्हणतात. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा तंबाखू यायची बंद झाली, भाव चढले, आणि यांच्याकडे साठा होता, त्यात पैसा झाला. म्हातारपणी त्याने घोडागाडी घेतली तर हेन्री अर्स्किन नावाच्या एका मोठ्या वकिलाने म्हणे त्याला गाडीवर लिहायला दोन ओळी सुचवल्या, अर्थ असा की कुणाला वाटलं असतं का ही गाडी नाकांनी विकत घेतलीय. लोक हसले असतील, पण मला तो माणूस हसण्यासारखा वाटत नाही. १७९७ मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्रात दोन गोष्टींसाठी पैसे ठेवून गेला, एक म्हाताऱ्या निराधार लोकांसाठी आसरा आणि दुसरी शंभर गरीब मुलांसाठी फुकट शाळा, लिहिणं वाचणं आणि गणित शिकवायला. शाळा १८०३ मध्ये सुरू झाली. फक्त मुलगे बरं का, मुलींचा त्यात विचारच नव्हता.

आता मी मुद्द्याचं बोलतो, आणि हे मी तुला सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार, कारण आपण तंबाखूच्या गावचे आहोत.

तुझी आजी वयाच्या बाराव्या वर्षापासून तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. बारा म्हणजे तू आत्ता आहेस तेवढी. सकाळी डोक्याला फडकं, नाकातोंडावर फडकं बांधून बायका चाळायला बसायच्या, चाळण हलली की धूळ उठायची आणि वखारीच्या पत्र्यातून उन्हाची तिरीप आली की ती धूळ अशी पिवळी तरंगताना दिसायची, मी डबा द्यायला जायचो तेव्हा दारातच ठसका लागायचा. संध्याकाळी आजी घरी आली की आधी वास यायचा मग आजी. तिच्या बोटांच्या पेरांवर अजून ते काळपट डाग आहेत, आत्ता माझ्या समोरच आहेत, ती झोपलीय आणि हात पांघरुणाच्या बाहेर. तपकिरीची सवय पण तिथलीच. दिवसभर ती धूळ नाकात जायची, सुट्टीच्या दिवशी नाही गेली की डोकं दुखायचं, मग सगळ्याच बायका डबी ठेवायला लागल्या. १९८१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगलोर हायवे अडवून धरला होता, शरद जोशी पुढे होते, शेवटी पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं गेली. मी तेव्हा लहान होतो पण घरात सगळे कुजबुजत बोलायचे ते आठवतंय.

म्हणून गिलेस्पीच्या तंबाखूचं वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच आला की ती पिकवली कुणी, चाळली कुणी. स्कॉटलंडमध्ये तंबाखू होत नाही. ती व्हर्जिनियावरून यायची, आणि तिथल्या मळ्यात आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम राबायचे, त्यांना मजुरी नाही, सुट्टी नाही, त्यांची पोरंसुद्धा मालकाची. म्हणजे एडिनबराच्या गरीब मुलांना फुकट पाटी मिळाली ती कुणाची तरी मुलं विकली जात होती त्या पैशातून. गिलेस्पी वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याने दिलं ते मनापासून दिलं असेल. पण शाळेत त्याचं नाव घेतलं जाईल तेव्हा त्या लोकांची पण आठवण ठेव, त्यांची नावं कुठल्या भिंतीवर नाहीत.

बरं आता शाळेचं पुढचं. शंभर वर्षं ती एडिनबराच्या व्यापाऱ्यांच्या मर्चंट कंपनीने चालवली, मग १९०८ मध्ये सरकारी स्कूल बोर्डाकडे गेली. १९२९ पासून मुलींची हायस्कूल झाली. म्हणजे जिथे मुलींना जागाच नव्हती ती शाळाच मुलींची झाली, मला हे फार आवडतं. म्युरिएल स्पार्क ही मोठी लेखिका तिथेच शिकली, १९२३ ते १९३५, बाप कारखान्यात कामाला होता, घर तिथल्याच ब्रुंट्सफील्ड भागात. तिला क्रिस्टिना के नावाच्या बाई होत्या, त्यांनी हिला लहानपणीच सांगून टाकलं होतं की तू लेखिका होणार, आणि हिला आणि हिच्या मैत्रिणीला ॲना पाव्हलोव्हाचं नृत्य बघायला घेऊन गेल्या होत्या. एखाद्या बाईंनी असं केलं की मूल जन्मभर विसरत नाही. पुढे तिच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीतली शिक्षिका तिने या बाईंवरूनच उभी केली.

पण तेव्हा ती शाळा सगळ्यांची नव्हती. फी होती, आणि त्या काळी अख्ख्या स्कॉटलंडमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास एक परीक्षा असायची, क्वालिफाइंग म्हणायचे, त्यात वर आलात तर चांगली पाच-सहा वर्षांची सीनिअर शाळा, नाही आलात तर तीन वर्षांची ज्युनिअर शाळा आणि पंधराव्या वर्षी कामाला. बाराव्या वर्षी एका पेपरवर ठरायचं की हा डॉक्टर होऊ शकतो आणि हा हमाल. १९६५ मध्ये सरकारने सर्क्युलर काढलं, नंबर ६००, की हे बंद करा, एका भागातली सगळी मुलं एकाच शाळेत जातील. त्यालाच कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात. तुझी शाळा १९७३ मध्ये तशी झाली, फी गेली, निवड गेली, मुलगे आले, आणि पत्ता कॅचमेंटमध्ये, म्हणजे शाळेच्या ठरलेल्या भागात, आहे एवढंच बघून प्रवेश.

आम्ही तुला तिथे घातलं तेव्हा किती जणांनी वेड्यात काढलं तुला माहीत नाही. एडिनबरात प्रायव्हेटचं फार आहे, सेकंडरीच्या दर चार-पाच मुलांमागे एक प्रायव्हेटला, आणि आपल्या ओळखीतले सगळे म्हणत होते की पैसे आहेत तर का नाही, एकच मुलगी आहे. मी आणि आईने रात्र रात्र बोलून ठरवलं. माझी दहावी झाली तेव्हा एका कॉलेजने डोनेशन मागितलं होतं, मार्क होते तरी. आजीने वखारीतून उचल घेतली, गळ्यातलं डोरलं मोडलं, तरी पुरलं नाही, आणि आम्ही दोघं त्या ऑफिसच्या बाकावर दुपारपर्यंत बसून परत आलो. आजीने वाटेत एक शब्द बोलला नाही. मग कोल्हापूरला एका बोर्डिंगात सोय झाली, तिथेच शिकलो. त्या बाकावरचा माणूस आज मुलीला अशा शाळेत पाठवतोय जिथे दारावर कुणी काही मागत नाही, यापेक्षा मला वेगळी चांगली शाळा कुठली दाखवणार? तुझ्या वर्गात प्रोफेसरची मुलं असतील, बस ड्रायव्हरची असतील, मागच्या वर्षी देश सोडून आलेली असतील. त्यांच्याशी दोस्ती कर.

आणि ती गॅलिकची मुलं! तू म्हणालीस ना काही जण वेगळीच भाषा बोलतात, काही विषय पण त्याच भाषेत शिकतात. ती स्कॉटलंडचीच भाषा आहे, २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे ५७ हजारच होते, म्हणजे आपल्या निपाणी गावाएवढे लोक. एडिनबरात गॅलिक प्रायमरी झालेली मुलं पुढे तुझ्याच शाळेत येतात. माझी शाळा मराठी माध्यमाची आणि राज्य कर्नाटक, गावात पाट्या कन्नड, घरात मराठी, त्यामुळे त्या मुलांना काय वाटत असेल ते मला चांगलं कळतं. त्यांच्याकडून चार शब्द शिक, बदल्यात आपले चार दे.

स्कॉटिश शाळांचं आणि आपलं नातं जुनं आहे तसं. जोतिबा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेतच इंग्रजी शिकले, १८४१ ला नाव घातलं, आणि शिक्षण पुरं झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८४८ ला मुलींची शाळा काढली. हे तू तुझ्या हिस्ट्रीच्या सरांना सांग, त्यांना आवडेल.

आता ते दगडी घर. ब्रुंट्सफील्ड हाऊस. सोळाव्या शतकातलं आहे ते, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीचं. पूर्वी लॉडर घराण्याचं होतं, मग १६९५ मध्ये जॉर्ज वॉरेंडरने घेतलं, तो पुढे शहराचा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे महापौर झाला, आजूबाजूची जमीन त्या घराण्याची, म्हणून तर आपल्या मार्चमाँटमध्ये वॉरेंडर नावाचे एवढे रस्ते. १९६६ मध्ये शाळा तिथे आली, घराच्या भोवतीने इमारती बांधल्या, त्या पाडून २०१६ पर्यंत नव्या बांधल्या, घर मात्र तसंच ठेवलं. नव्या काचेच्या इमारती आणि मधोमध तो जाड भिंतींचा दगडी वाडा, मला आपल्याकडच्या गढीसारखा वाटतो.

त्या घराची एक गोष्ट सांगतात. वॉरेंडरांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं की घराला बाहेरून जेवढ्या खिडक्या दिसतात तेवढ्या आतून सापडत नाहीत. मग त्यांनी खोल्याखोल्यांतून फिरून प्रत्येक खिडकीतून एक एक चादर बाहेर सोडली आणि सगळे खाली अंगणात येऊन बघत राहिले, तर एका खिडकीला चादर नव्हती. तिथली भिंत फोडली तर आत बंद केलेली खोली, चुलीत राख, जमिनीवर डाग. हिरव्या साडीतली, म्हणजे त्यांच्या हिरव्या झग्यातली बाई फिरते वगैरे तुझे सीनिअर सांगतीलच, घाबरू नकोस, मुलांना रमवायच्या गोष्टी आहेत. पण खिडक्या मात्र मोज. चारी बाजूंनी फिरून मोज आणि वहीत लिहून ठेव, मी आलो की आपण दोघं परत मोजू.

इकडे पाऊस लागून राहिलाय, शिवारात तंबाखूची लावण चालू आहे, बायका डोक्यावर इरलं, प्लास्टिक काय मिळेल ते घेऊन वाकलेल्या दिसतात रस्त्यावरून. आजीचं ड्रेसिंग सोमवारी, तिकीट त्यानंतरचं काढतो. हे सगळं मी आजीला मोठ्याने वाचून दाखवलं आत्ता. गिलेस्पीचं ऐकून ती गप्प बसली थोडा वेळ. मग म्हणाली, त्या पोरांना शाळेत दुपारचं जेवण तरी द्यायचा का रे तो? मला माहीत नाही म्हणालो. तू विचारून सांग. आणि खिडक्यांचं पण तिला कळवायचंय, किती निघाल्या ते.

तुझा,
बाबा