समुपदेशक हवेतच, पण वर्गावरच्या बाईंना सवडही हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची दखल आता न्यायालयानेही घेतली आहे, याचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका म्हणून मला मनापासून समाधान वाटते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांची मदत मिळेल अशी व्यवस्था करायला हवी. परंतु बीड जिल्ह्यातील ज्या जिल्हा परिषद शाळांमध्ये माझी नोकरी झाली, त्यांपैकी बहुतेकींचा पट साठच्या आत होता. पहिली ते चौथीचे सगळे वर्ग दोघांनी मिळून सांभाळायचे, अशी तिथली स्थिती. अशा शाळेत मुलाचे काही बिनसले आहे हे आधी कळते ते बाईंना किंवा गुरुजींना, आणि तेही मुलांकडे पाहायला त्यांना सवड असेल तरच.

आमच्या भागात दसरा झाला की कोयते घेऊन घरेच्या घरे ऊसतोडीला जातात. मागे राहणारी मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शिकतात. माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगी होती. पाढे म्हणायला सर्वांत आधी उभी राहणारी ही मुलगी दिवाळीनंतर गप्प झाली, शुद्धलेखनाच्या ओळी अर्धवट सोडू लागली आणि दुपारची खिचडी दोन घास खाऊन बाकीची डब्यात भरून नेऊ लागली. वर्गात चारचौघांत विचारले तेव्हा तिने नुसती मान खाली घातली. शेवटी एका दुपारी नळापाशी तिच्या शेजारी बसून ताटे विसळता विसळता विचारले, तेव्हा ती बोलली. आजी अंथरुणाला खिळली होती, संध्याकाळी चूल पेटत नव्हती आणि डब्यातली खिचडी धाकट्या भावासाठी जात होती. मग आशाताईंनी आजीला दवाखान्यात नेले, शाळा व्यवस्थापन समितीने धावपळ केली आणि दोन्ही भावंडांची नावे वसतिगृहाच्या यादीत लागली.

तिच्यातला बदल माझ्या डोळ्यांसमोर होता, तरी तिच्याशी नीट बोलायला मला आठ दिवस लागले, याची खंत आजही जात नाही. त्या आठ दिवसांत वरून तातडीने मागवलेली माहिती मी भरत होते. गावात रेंज नसल्याने मोबाइल घेऊन शाळेमागच्या टेकाडावर जावे लागे आणि तोवर चारही वर्ग एकट्या सहकाऱ्याच्या भरवशावर असत.

याविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात, आणि ती कामे शिक्षकांनी नेहमीच पार पाडली आहेत. त्याच कायद्याचे कलम २९ म्हणते की मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे. कायद्याच्या अनुसूचीत तर शिक्षकाच्या आठवड्यातील किमान ४५ तासांमध्ये पाठाच्या तयारीचा वेळही धरलेला आहे. प्रत्यक्षात तो तयारीचा वेळ आधी जातो, मग हळूहळू तासिकाही जातात. खिचडीच्या नोंदी, उपक्रमांचे फोटो, लिंक भरणे आणि एकच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत पुन:पुन्हा पाठवणे यांतच दिवस सरतो.

अध्यापनाची गुणवत्ता आणि मुलांचे मन:स्वास्थ्य हे दोन वेगळे विषय मानून त्यांची वेगवेगळी प्रशिक्षणे घेतली जातात, हे मला पटत नाही. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, असे निपुण भारत अभियान सांगते. त्यासाठी जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाशेजारी रोज पाच-दहा मिनिटे बसावे लागते, आणि तसे बसल्यावरच त्याला अक्षर अवघड जाते आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही, की रात्री घरी भांडण झाले आहे, हे समजते. वाचता येत नाही म्हणून वर्गात हसे होणारे मूल शाळेला घाबरते, आणि घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत शासनाला माझी विनंती आहे की समुपदेशक केवळ मोठ्या शाळांपुरते न ठेवता प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, एक नेमावा आणि त्याने ठरलेल्या वारी वाडी-वस्तीवरच्या शाळांनाही भेट द्यावी. ऑनलाइन माहिती भरण्यासाठी केंद्र पातळीवर स्वतंत्र कर्मचारी द्यावा आणि एकदा घेतलेली माहिती शाळेकडे पुन्हा मागू नये. निदान शाळेच्या वेळेत तरी शिक्षकांकडून कोणतीही माहिती तातडीने मागवली जाणार नाही, असा आदेश ऊसतोडीचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी निघावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. बीड