ताई, त्या खोट्या इव्हेंट्ससाठी थँक्यू

प्रिय ताई,

थँक्यू फोनवरच म्हटलं असतं, पण तू लगेच "बरं बरं, ठेव आता" म्हणतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता कट करून दाखव. दोन अणुकेंद्रं आदळली (अशी एक टक्कर म्हणजे एक इव्हेंट) की शेकड्याने कण उडतात, ते कुठेतरी खरंच गर्दी करतात की आपल्यालाच तसं दिसतं, एवढाच माझ्या प्रोजेक्टचा प्रश्न होता आणि तो मला कळला तो तुझ्यामुळे, सर माफ करतील.

सर्न प्रयोगशाळेच्या एसपीएस ॲक्सलरेटरमधला सल्फरचा बीम, २०० जीईव्ही पर न्यूक्लिऑन (म्हणजे दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे एवढी ऊर्जा), आणि त्यात ठेवलेल्या इमल्शन प्लेट्स, फोटोच्या फिल्मसारख्या, कण गेला की रेघ उमटते. बाकी सगळे म्हणत होते आधी पेपर वाच, तू मात्र प्रिंटआउटचा गठ्ठा हातात दिलास, त्यातले निम्मे इव्हेंट खरे आणि निम्मे कॉम्प्युटरने रँडम पाडलेले, आणि म्हणालीस कर वेगळे. नाही जमलं. सरांनाही जमलं नव्हतं म्हणे (हे तूच सांगितलंस, आता सगळ्यांना कळलं, सॉरी).

मग तू पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडलास. इव्हेंटमधे ८० कण, स्युडोरॅपिडिटीचे (कण बीमशी किती कोनात निघाला त्याचं माप) ४० बिन, म्हणजे कप्पे, म्हणजे बिनमागे सरासरी २. तरी नुसत्या नशिबाने एखाद्या बिनमधे ६ किंवा जास्त कण सापडतील असे इव्हेंट जवळपास निम्मे निघतात! लग्नात टाकलेल्या अक्षता फरशीवर बघ म्हणालीस, एका फरशीवर ढीग आणि शेजारची कोरी, कोणी ठरवून टाकतं का. १९८३ मधे जेसी या कॉस्मिक किरणांच्या प्रयोगाच्या बलूनवरच्या इमल्शनमधे सिलिकॉनच्या अणुकेंद्राचा तो हजारेक कणांचा इव्हेंट सापडला तेव्हा हीच भानगड होती, उंचवटे दिसतायत पण खरे किती, आणि १९८६ मधे बियालास आणि पेशान्स्की या थिअरीवाल्यांनी त्यावर फॅक्टोरियल मोमेंट्स काढले, म्हणजे खरी गर्दी नशिबाच्या गर्दीतून वेगळी काढायच्या सरासऱ्या.

ते मोमेंट्सही पेपरपेक्षा तुझ्याकडूनच कळले. बिनमधे n कण असतील तर n च्या वर्गाऐवजी n(n-1) घ्यायचं, म्हणजे पॉयसनचा, नुसत्या नशिबाचा, गोंगाट आपोआप गळतो आणि उरते ती खरी घनतेतली चढउतार. रँडम इव्हेंटमधे कण ८० वर फिक्स ठेवले तर एफ-टू (n(n-1) ची सरासरी भागिले n च्या सरासरीचा वर्ग) बरोबर १ येत नाही, ७९/८० येतो, आणि इव्हेंटगणिक कणांची संख्या बदलली तर तो १ च्या वरही जातो, म्हणून आकडा बघू नकोस, बिन बारीक करत गेल्यावर तो चढतो का ते बघ, चढला तरच गर्दी नशिबाची नाही, हे तू इतक्यांदा सांगितलंस की मी झोपेतही म्हणेन.

आणि मायक्रोस्कोप! एफ-टू एकदम बारीक बिनमधे चढायला लागला तेव्हा सगळे खूश आणि तू ऑइल टाकून १०० एक्सवर बसलीस. दोन ट्रॅक जवळजवळ समांतर, एकमेकांना चिकटलेले, तू ते उलटे मागे नेत गेलीस तर ते टकरीच्या बिंदूपर्यंत पोचतच नव्हते, अलीकडेच एका जागी सुरू होत होते. म्हणजे गॅमा किरणापासून झालेली इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, आपल्या कामाची नाही, काढ. अशा जोड्या काढल्यावर चढ बराच कमी झाला. उरला त्यातलाही मोठा वाटा बोस-आइनस्टाइन परिणामाचा असणार, सारखे पायॉन (टकरीतून सगळ्यात जास्त निघणारे कण) जवळजवळ निघतात त्याचा, पण तो निदान खरा आहे. हे काम कोणत्याही पेपरच्या आभारात एका ओळीच्या वर जात नाही आणि मला ते पटत नाही, म्हणून ही चिठ्ठी.

आजही सर्नचे एनए६१ आणि अमेरिकेतल्या ब्रूकहेवनचे स्टार हे प्रयोगवाले अणुकेंद्रातल्या पदार्थाचा क्रिटिकल पॉइंट (त्याच्या अवस्थाबदलाचा खास बिंदू) शोधायला हेच मोमेंट्स वापरतात, त्यामुळे तुझं शिकवणं वाया जाणार नाही, घाबरू नकोस. नवीन ज्युनिअर आलाय, त्याला तोच गठ्ठा दिलाय, अजून हरला नाही असं म्हणतोय. आणि आता मी एटा (तीच स्युडोरॅपिडिटी) आणि फाय (बीमभोवतीचा कोन) दोन्हीत एकदम बिन करतोय, त्यातले रँडम इव्हेंट फायमधे कसे पाडायचे ते विचारायला रविवारी फोन करतो, तेव्हा मात्र ठेवू नकोस गं.

तुझा,
प्लेट्स पुसणारा ज्युनिअर